गोव्याला येताय पोरांनो? आधी पंचांग बघा

मांडवीकाठ

दिवाळी आणि मे महिना जवळ आला की घाटावरच्या नातेवाइकांना माझी आठवण होते. "आमचा बंड्या मित्रांबरोबर गोव्याला येतोय, जरा लक्ष असू दे." बंड्या येतो, कळंगुटला उतरतो, तीन दिवस माझा फोन उचलत नाही आणि चौथ्या दिवशी दुपारी स्वतःच फोन करतो, "मामा, गाडी पाण्यात गेली."

गंमत म्हणून लिहीत नाहीये, गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या भाच्याचा असा फोन आला होता. जुन्या गोव्याहून दिवाडीला जायला फेरीबोट आहे. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली उतरलं की धक्का लागतो. ओहोटीची वेळ होती. ओहोटीला पाणी खाली जातं, फेरीही खाली लागते, आणि एरवी पाण्याखाली असलेला उताराचा तुकडा उघडा पडतो. त्यावर हिरवं शेवाळ. आमच्या गावची माणसं तिथे पाय टाकतानासुद्धा बोटं रोवून टाकतात. भाचा आणि त्याचा मित्र, या दोघांनी वरून स्कूटर आणली, शेवाळावर पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी झोपली ती थेट सायलेन्सरपर्यंत खाऱ्या पाण्यात. फेरीवरचा खलाशी आणि मासळीची पाटी घेऊन निघालेली एक बाई, दोघांनी मिळून गाडी ओढली. पोरं शाबूत. डिपॉझिट गेलं.

तर हा धागा त्या बंड्यांसाठी. हॉटेलं आणि पार्ट्यांची माहिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त असते, ती इथे नको. पाण्याची, उन्हाची आणि बेटांची माहिती टाका.

सुरुवात मी करतो. बेट म्हटलं की पोरांना वाटतं बोट ठरवून समुद्रात आत जायचं. अरे, मांडवी, झुआरी आणि त्या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेला अख्खा तिसवाडी तालुका हेच बेट आहे. पोर्तुगीज त्याला इल्याश म्हणायचे, म्हणजे बेटं. पणजीच्या कदंब, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, स्टँडवर उतरलात की तुम्ही बेटावरच उतरलात. त्याच्या शेजारी मांडवीत दिवाडी, चोडण, जुवे अशी आणखी बेटं. चोडणला रायबंदरहून फेरी, दिवाडीला जुन्या गोव्याहून. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. दिवाडीला पूल नाही, त्यामुळे शेवटची फेरी किती वाजता हे जातानाच धक्क्यावर विचारायचं. इंटरनेटवरची वेळ बघून गेलेले पाहुणे रात्री धक्क्यावर बसून डास मारताना मी पाहिले आहेत.

फेरीवर चढताना: उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या. मागचा स्वार खाली उतरून चालत येऊ दे. पहिल्या गिअरमध्ये किंवा अगदी हळू, मागच्या ब्रेकवर. बोट सुटली की इंजिन बंद, गाडी मधल्या स्टँडवर. आणि कठड्यावर बसून फोटो काढायचा नाही, खलाशी ओरडतो, आणि कोकणीत ओरडतो.

दिवाडीत काय आहे, असं विचारतात. भातशेती, जुनी घरं, टेकडीवर पियेदादचं चर्च, तिथून खाली मांडवीचा विस्तार. सप्तकोटेश्वर मूळचा इथलाच. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि त्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरी आहे. म्हणजे जुनं गोवं, दिवाडी, नार्वे असा एक दिवस दोन फेऱ्यांत होतो, आणि खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि एक थाळी. घाटावरून येऊन किल्ले पालथे घालणारी पोरंसुद्धा हे चुकवतात याचं मला फार वाईट वाटतं.

---

घाटावरचा_पोरगा

काका, धागा अगदी वेळेवर! आम्ही सहा जण कोल्हापूरहून भाऊबीजेनंतर चार दिवसांनी येतोय. एसटीने. लायसन्स फक्त दोघांकडे, एकाचं लर्निंग. बजेट कमी. पाळोळेला दोन रात्री, मग पणजीत दोन. पाळोळेच्या टोकाला एक बेट आहे तिथे चालत जाता येतं म्हणे, रील पाहिलं. खरं का?

---

मांडवीकाठ

पाळोळेचं काणकोणवाले सांगतील. गाडीचं मी सांगतो. लर्निंगवर कोणी गाडी देत असेल तर त्याच्याकडून तर मुळीच घेऊ नका. भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी "मित्राची आहे म्हणून सांगा" असं म्हणून देणारे भेटतील. पोलिसांनी धरलं की मित्र फोन उचलत नाही. घेतानाच गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, ओरखडे बोट लावून दाखवा, आणि मूळ आधारकार्ड ठेवून घेत असेल तर दुसरा बघा. हेल्मेट दोघांनाही.

सहा जणांत दोन लायसन्स म्हणजे तुमचं बसनेच बरं. पणजी-मडगाव कदंबची शटल आहे, मध्ये थांबत नाही. मडगावहून काणकोणच्या बसा मिळतात. एकट्यादुकट्याला जायचं तर पायलट. विमानवाला नव्हे, पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल चालवणारा. ही गोव्याची जुनी आणि अधिकृत सोय आहे, भाडं बसायच्या आधी ठरवायचं. ओला-उबर इथे चालत नाही, गोवामाइल्स नावाचं ॲप आहे.

---

काणकोणकार

पाळोळेच्या उत्तर टोकाचं बेट. होय, ओहोटीला चालत जाता येतं. आणि भरती लागली की परत येता येत नाही, हे रीलमध्ये नसतं.

दरवर्षी तेच चित्र. चारपाच पोरं पाण्यातून पलीकडे जातात, दगडांवर फोटो काढतात, कुणीतरी बिअर काढतो, तास-दीड तास जातो. मागे वळून बघतात तर मघाशी घोट्याएवढं असलेलं पाणी मांडीला. फोन, पैसे, चपला डोक्यावर घेऊन निघतात. मधोमध ओढ असते. खाली गुळगुळीत दगड. मी स्वतः दोनदा होडी घालून माणसं आणली आहेत. एकदा त्यातला एक जण मलाच विचारत होता, "अंकल, इथे पाणी कधी सोडतात?" धरण समजला काय रे!

तर आता हिशोब शिका, फुकट आहे. आमच्याकडे म्हातारे तिथीवरून भरती सांगतात. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, दोन्हीला तेच. पहाटेही आणि दुपारनंतरही, कारण दिवसात दोन भरत्या. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून बघा, ते नेटवर मिळतं.

तुम्ही भाऊबीजेनंतर चार दिवसांनी, म्हणजे षष्ठीला येताय. सहा त्रिक अठरा भागिले चार, साडेचार. म्हणजे साडेदहाच्या सुमारास ओहोटी, दुसऱ्या दिवशी सव्वाअकराच्या. वेळ छान आहे. पण एक गोम आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा धड चढतही नाही, धड उतरतही नाही. तुमच्या दिवसांत भांग लागतोय. पाणी घोट्याला येईल असं समजून येऊ नका. पलीकडे जायचंच तर ओहोटीच्या अर्धा तास आधी निघा आणि ओहोटीच्या क्षणाला परत फिरा. गुडघ्याच्या वर पाणी दिसलं तर किनाऱ्यावरून बघा, बेट कुठे पळून जात नाही.

---

दोन_आण्यांची_होडी

तिथीची पाऊणपट! आमचे रत्नागिरीचे आजोबा हेच सांगायचे. वाचनखूण साठवली.

---

माशेलची_माई

धागा छान, पण सगळे पुरुषच लिहिताहेत म्हणून मी लिहिते. मुली पण येतात ना गोव्याला.

माझी पुतणी मैत्रिणींबरोबर येते तेव्हा मी तिला तीन गोष्टी सांगते. राहायची जागा मुख्य रस्त्यापासून आत असेल तर रात्री परतायची सोय आधीच लावायची, कारण सातआठ नंतर गावातल्या बसा कमी होतात आणि मग टॅक्सीवाला सांगेल ते. ग्लास सोडून नाचायला जायचं नाही, परत आलात तर नवीन घ्यायचा. आणि बागा-कळंगुटच्या बाजूला रस्त्यावर गाठून "चला, चांगल्या क्लबात नेतो" म्हणणाऱ्याच्या मागे जायचं नाही. ही तिसरी खरं तर मुलांनाच जास्त सांगायला हवी. मुलींच्या नावाने मुलांना आत नेऊन कोंडतात आणि खातं रिकामं करून घेतात, पेपरात दर सीझनला येतं. लाजेने पोरं तक्रार करत नाहीत. करा. ११२ लावा.

देवळात आणि चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मंगेशीला, शांतादुर्गेला बाहेरूनच परत पाठवतात. ओढणी किंवा लुंगी पिशवीत असली की उन्हालाही कामी येते.

खायचं सांगते. सकाळी सातला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, सायकलवर मागे पाटी, निळ्या प्लास्टिकखाली गरम पाव. पोय मागा. कोंड्याची, आतून पोकळ असते, फाडून त्यात पातळ भाजी भरायची. कुठल्याही गावातल्या कॅफेत भाजी-पाव, मिरची, गोड बन्स मिळतात, पन्नास-साठ रुपयांत पोट भरतं. दुपारी शीत-कडी, म्हणजे मासळीची थाळी. जिथे कामगार आणि बँकवाले जेवतात तिथे जा, साडेबाराला, कारण दोननंतर सुंगटं, म्हणजे कोळंबी, संपतात. आणि एक ते चार दुकानं बंद दिसली तर शटर वाजवू नका. माणसं झोपलेली असतात.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी कोणी आलात तर दिवाडीला बोंदेरां, म्हणजे झेंड्यांचा उत्सव, बघा, आणि आषाढी एकादशीनंतर आमच्या माशेलला चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव. आमचा देवकीकृष्ण मूळ चोडणचाच, बरं का. दिवाडीचा देव नार्व्याला, चोडणचा माशेलला. बेटांवरचे देव सगळे नदी ओलांडून आले.

---

खाजनवाला

मला हा धागा आवडला नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

मी दिवाडीचा. पाच वर्षांपूर्वी आमच्या बेटावर रविवारी चर्चची घंटा ऐकू यायची. आता ड्रोन ऐकू येतो. पोरं भाड्याच्या थार घेऊन फेरीत घुसतात, आणि हॉस्पिटलला जाणारी म्हातारी पुढच्या फेरीची वाट बघत उभी. खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या भातजमिनीच्या, बांधावर गाडी चढवतात. हा बांध म्हणजे रस्ता नव्हे हो, माती आणि चिखलाचा असतो. एका बाजूला नदीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, आणि मध्ये मानस, म्हणजे पाणी अडवणारी दारं असलेली मोरी. भरतीला मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. बांध खचला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन दोन-तीन वर्षं पिकत नाही. हे सगळं एका रीलसाठी.

मांडवीकाठ, तुम्ही रायबंदरला राहता. तुमच्या घरासमोर येऊन कोणी कपडे बदलतं का?

---

मांडवीकाठ

खाजनवाले, राग मानत नाही. चार शब्द मीच आधी लिहायला हवे होते. थारचं तर शंभर टक्के मान्य. दिवाडीला चारचाकी नेऊच नये असं माझं मत आहे. पायी फेरीत बसा, पलीकडे चाला, किंवा सायकल न्या. बेट सपाट आहे, चर्चची टेकडी सोडली तर.

पण लिहू नये हे मला पटत नाही. पोरं येणारच. न सांगता आली तर बांधावर येतील, सांगून आली तर कदाचित नाही.

---

खाजनवाला

कदाचित.

बरं, मग हेही लिहा. कुंभारजुव्याच्या कालव्यात उतरू नका. मगरी आहेत. चेष्टा नाही. गोड्या पाण्यातली मगर या खाऱ्या कालव्यात राहते, ओहोटीला चिखलात ऊन खात पडलेली दिसते. आमची माणसं तिला देव मानतात, पौषातल्या अमावास्येला बोरीकडे मातीची मगर करून पुजतात, मानगे थापणी म्हणतात. बघायची तर बोटीतून बघा, हात आत ठेवून.

---

घाटावरचा_पोरगा

बांधावर जाणार नाही काका, शब्द. चोडणच्या पक्षी अभयारण्याचं कोणी सांगेल का? आणि स्कूबासाठी ग्रांडे बेट?

---

तिवरातला_खंड्या

चोडणचं माझ्याकडे. सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य फेरीतून उतरल्या उतरल्या लगेच आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरचं, गोव्यातलं सगळ्यात लहान. तिवरांतून पायवाट आहे. सकाळी साडेसहा-सातला पोहोचा. नऊनंतर पक्षी कमी, घाम जास्त. होडीतून आत जायचं असेल तर भरती हवी, ओहोटीला ओहोळात चिखलच असतो. पायी फिरायला मात्र ओहोटी उत्तम. चिखलावर एक नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत असतात, उड्या मारणारे मासे दिसतात, आणि त्यांच्यामागे खंड्या. म्हणजे इथेही काणकोणकारांचं गणित लागू.

मोठ्याने गाणी नकोत. पांढरे-लाल कपडे नकोत. डासांचं मलम हवंच.

ग्रांडे: समुद्र शांत असतो तेव्हाच, पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बंद. तुमच्या वेळी चालू असेल. बोटीवर चढायच्या आधी लाइफ जॅकेट अंगात घालून बघा, पट्टा लागतो का बघा. नुसतं बाकाखाली ठेवलेलं असेल तर ते जॅकेट नाही, उशी आहे. दीड-दोन हजारात "स्कूबा" म्हणजे बहुतेकदा प्रशिक्षकाने धरून दहा-पंधरा मिनिटं पाण्याखाली नेणं. वाईट नाही, पण अपेक्षा तेवढीच ठेवा. सर्दी असेल तर उतरू नका, कान जातात. आणि आदल्या रात्रीची दारू उतरलेली असू दे.

अंजदीव बेटावर जायचं का असंही कोणी ना कोणी विचारतं. ते नौदलाकडे आहे. प्रवेश नाही.

---

दोन_आण्यांची_होडी

दारूवरून आठवलं. गोव्यातही दारूला वयाची अट आहे. किनाऱ्यावर उघड्यावर बाटली उघडली तर दंड, एकट्यालाही आणि घोळक्यालाही. आणि परतताना एसटीत बॅगेत बाटल्या भरू नका. बांद्याच्या पुढे इन्सुलीला महाराष्ट्राचा तपासणी नाका आहे. परवान्याशिवाय गोव्याची दारू नेणं गुन्हा आहे, "घरी काकांसाठी" हे कारण चालत नाही. काजू न्या काकांना.

---

मांडवीकाठ

उन्हाचं राहिलंच. दिवाळीनंतर हवा बरी वाटते आणि तिथेच फसायला होतं. वाऱ्यामुळे चटका कळत नाही, रात्री पाठ पेटते. पाण्यातून बाहेर आलात की क्रीम पुन्हा लावा. बिअरने तहान भागत नाही, अडसर प्या, म्हणजे तुमचं शहाळं. अकरा ते तीन सावलीत.

किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, त्यांचे झेंडे बघा. नुसता लाल म्हणजे उतरायचं नाही. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्ये पोहायचं. संध्याकाळी सहानंतर बुरुजावर कोणी नसतं, आणि बुडायच्या बातम्या नेमक्या त्यानंतरच्या. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, मग वळा. निळसर फुग्यासारखं काही वाळूत दिसलं तर हात लावू नका. डसलंच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाकडे जा.

---

घाटावरचा_पोरगा

परत आलो! वृत्तांत थोडक्यात.

पाळोळेला सव्वादहालाच जाऊन उभे राहिलो. काणकोणकार म्हणाले तसंच, पाणी उतरलंच नाही नीट. आमच्यातला सगळ्यात उंच पुढे गेला तर कमरेला. परत बोलावला. रील झालं नाही. त्याऐवजी तिथे एक आजोबा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते, आम्ही सहाही जण दोरीला लागलो. हाताला फोड आले आणि त्यांनी वाट्याला पाच बांगडे दिले. शॅकवाल्याने शंभर रुपयांत भाजून दिले.

चोडणला खंड्या दिसला, मुंगूसही. दिवाडीला चालत गेलो, गाडी घेतलीच नाही. रॅम्पवर शेवाळ होतंच. मी बोटं रोवून उतरलो तर शेजारची काकू हसली. नार्व्याला जायचं राहिलं, ऊन लागून एक जण झोपून होता. टोपी नेली नव्हती त्याने.

खाजनवाले काका, बांधावर पाय ठेवला नाही. लांबून मानस बघितली, दारं मिटलेली होती. भरती होती बहुतेक.

---

खाजनवाला

बहुतेक नाही, होतीच. पुढच्या वेळी बोंदेरांला या. घरी जेवायला.

---

भाचा_क्रमांक_एक

मामा, आईने लिंक पाठवली. पूर्ण धागा वाचला. गाडी मी चालवत नव्हतो, मी मागे बसलो होतो.

---

मांडवीकाठ

मागच्याने उतरून चालत यायचं असतं, ते वर लिहिलं आहे. आणि डिपॉझिट मी भरलं होतं.